संग्रहालयात मुलांसाठी कलेचे खेळ रचतोय, जाणकारांनी मदत करा

रेषाळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आता काम अडलंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही विद्यापीठात डिझाइन शिकणारे काही जण आणि सोबत कला-इतिहासाच्या दोघीजणी. या सत्राचा प्रकल्प म्हणजे एका संग्रहालयासाठी सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे कलेचे खेळ तयार करायचे. दालनं तीन: दगडी मूर्ती, मातीची जुनी भांडी, आणि चित्रं-कापड. पहिल्या बैठकीत फळा भरून कल्पना निघाल्या. मुखवटा रंगवा, मुकुट करा, चित्राचं जिगसॉ जोडा, खजिना शोधा. सगळ्या गोड, सगळ्या रंगीत. मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "हे करायला संग्रहालयात कशाला यायचं?" आणि निम्म्याहून जास्त फळा पुसला गेला.

तेव्हापासून एक चाळणी लावतोय. समोरची वस्तू कापड टाकून झाकली तरी खेळ जसाच्या तसा चालू राहतो का? राहत असेल तर तो खेळ बाद. मुकुट घरीही करता येतो. जिगसॉमध्ये मूल तुकड्यांच्या कडा बघतं, चित्र बघत नाही. खजिनाशोध वरवर पाहता पास होतो, पण दालनात उभं राहून बघा. "शिंगं असलेला प्राणी शोधा" म्हटलं की पोरं काचेला नाक लावतात, शिंगं दिसली की चौकटीत खूण आणि पुढच्या कपाटाकडे धूम. बघणं जिथे सुरू व्हायला हवं, नेमकं तिथेच संपतं.

चाळणीत टिकलेले खेळ असे:

थैली. कापडी थैलीत एका भांड्याची प्रतिकृती ठेवायची. आत हात घालून फक्त चाचपायचं आणि मग कपाटातल्या भांड्यांमधून नेमकं तेच ओळखायचं. कच्च्या चाचणीला एक मुलगा डोळे गच्च मिटून उभा होता. "गळा बारीक आहे... इथे कंगोरा आहे... खालून गोल आहे, हे लोळेल." मग कपाटापाशी जाऊन सरळ गुडघ्यांवर बसला आणि एकेका भांड्याचं बूड तपासायला लागला. भांड्याच्या बुडाकडे मोठी माणसंही बघत नाहीत! नंतर त्यानेच विचारलं, "पण मग हे ठेवायचे कसे?"

खापर. उत्खननात अख्खी भांडी क्वचितच मिळतात, मिळतात ते तुकडे. काठाचा तुकडा असेल तर पुरातत्त्वाचे लोक तो एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर ठेवून बघतात. ज्या वर्तुळाशी काठाचं वळण जुळतं, तेवढं भांड्याचं तोंड. आम्ही हाच तक्ता मुलांच्या हाती देतोय, सोबत खापराच्या प्रतिकृती. तोंड किती मोठं ते कळलं की उरलेलं भांडं कागदावर पुरं करायचं.

न बघता रेघ. मूर्तीवरून नजर हलवायची नाही, कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. चित्रं इतकी वेडीवाकडी येतात की "मला चित्र येत नाही" म्हणणारंही हसत सुटतं.

आता अडलेलं. सूचना किती द्यायच्या? आईबाबांचं काय करायचं? (ते मुलाच्या हातातली पेन्सिलच काढून घेतात.) आणि शेवटी प्रमाणपत्र, बिल्ला असं काही द्यावं का? संग्रहालयाचा त्यासाठी आग्रह आहे.

दोन_पिल्लांची_आई

छान धागा! थैलीचा खेळ भारी. प्रमाणपत्र नको बाई, घरात रद्दी झालीय त्यांची. पण हातात काहीतरी घेऊन जायला मुलांना हवंच असतं, ते अगदीच तोडू नका.

आणि हो, पेन्सिल काढून घेणाऱ्यांत मी पण आहे, हा हा. काय करणार, मागे रांग असते, मूल अर्धा तास एका कानातल्यावर अडकलेलं असतं.

पाटीपुसणी

प्राथमिकला शिकवते, म्हणून लिहायचा हक्क बजावते.

बक्षिसाचं आधी. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन मोकळे ठेवले, तेव्हा 'मिळेल' असं सांगितलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. न सांगता मिळालेल्यांवर काही परिणाम नाही. म्हणजे द्यायचंच तर जाताना द्या, दारात फलक लावून आमिष दाखवू नका. संग्रहालयाला एवढं पटवून देता येईल.

सूचनांचंही तसंच. २०११ मध्ये बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. एकच खेळणं, त्यात करण्यासारख्या चार गोष्टी लपवलेल्या. मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात "बघ, हे असं चालतं" म्हणून एक गोष्ट दाखवली की मुलं तीच करत बसली. तीच गोष्ट चुकून झाल्यासारखी दाखवली तर मुलांनी जास्त उलटापालट केली, बाकीच्या करामतीही जास्त सापडल्या. तुमचे स्वयंसेवक गोड आवाजात नमुना करून दाखवणार असतील तर त्यांना आवरा. भिंतीवर 'पूर्ण झालेलं' चित्र तर टांगूच नका. एक नमुना टांगला की चाळीस नकला तयार. हे रोज वर्गात बघते.

वाचनाबद्दल एक राहिलंच. सहा वर्षांच्या मुलाला तीन ओळींची सूचना म्हणजे डोंगर. दहा वर्षांचं मूल ती वाचतं आणि आपण परीक्षेला बसलोय असं समजतं. क्रियापदाने सुरू होणारं एकच वाक्य ठेवा: हात घाल. शोध. नजर हलवू नकोस.

तिरपागडा

मी जरा उलट्या बाजूने बोलतो.

'वस्तू झाकली तर खेळ बाद' ही चाळणी ऐकायला झकास आहे, पण तिचा मालक कोण? संग्रहालयच ना? म्हणजे मुलाने खेळायचं, पण शेवटी आमच्या मडक्याकडेच बघायचं. हा खेळ झाला की धडा लपवलेली गोळी?

१९६८ मध्ये स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएत या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पाले निल्सन नावाच्या डॅनिश कलाकाराने अख्खं साहसी क्रीडांगण उभं केलं होतं. उड्या मारायला फोमचा हौद, हातोड्या, लाकूड, रंग, वेशभूषेचे कपडे. तीन आठवड्यांत सुमारे २०,००० मुलं येऊन गेली. मुलांना प्रवेश फुकट, पैसे मोठ्यांनी भरायचे. तिथे कुणी मुलांना "चला, आता मूर्तीच्या कानातल्याकडे बघा" म्हटलं नाही. मुलं काय करतात हेच बघण्यासारखं होतं.

तुम्ही मंडळी खेळाला कामाला लावताय, एवढंच म्हणणं.

रेषाळ

@तिरपागडा, 'धडा लपवलेली गोळी' लागली थोडी. :) पण निल्सनने जे उभारलं तेच मुळात प्रदर्शन होतं, कपाटातली वस्तू तिथे नव्हतीच. आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेलं भांडं आहे. मूल उड्या मारून दमून गेलं आणि तो ठसा त्याला दिसलाच नाही, तर नुकसान मुलाचं आहे असं मला वाटतं. उड्या मारायला जागा दुसरीकडेही असतात, तो ठसा इथेच आहे.

शिवाय 'बघणं' म्हणजे शिस्तीत उभं राहणं नव्हे. बॉस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात १९६० च्या दशकात मायकल स्पॉक संचालक असताना रोजच्या वापरातल्या वस्तू मधोमध कापून आतून दाखवल्या होत्या. त्याचं मूळ कुतूहलात आहे, आमच्या थैलीचंही.

@पाटीपुसणी, तुमचा प्रतिसाद आमच्या गटात जसाच्या तसा वाचून दाखवला. नमुना टांगायचा नाही हे ठरलं. क्रियापदाचं वाक्य तर फारच उपयोगी.

वाळवीचा_शत्रू

संग्रहालयात जतनाचं काम करतो. आमच्यासारख्यांना विद्यार्थी नेहमी शेवटच्या आठवड्यात भेटतात, तेव्हा सगळं सामान खरेदी करून झालेलं असतं आणि आम्ही खलनायक ठरतो. म्हणून आत्ताच सांगतो.

दालनात फक्त पेन्सिल. शाईचं पेन, स्केचपेन, जलरंग काही नाही. ग्रॅफाइटची चुकार रेघ बहुतेक वेळा निघते. सच्छिद्र दगडात मुरलेली शाई निघेल याची खात्री कुणी देत नाही. ओलं, चिकट, उडणारं सगळं काम वेगळ्या खोलीत. चमकी तर इमारतीतही नको, ती झाडून जात नाही, कपड्यांना चिकटून दालनादालनांत हिंडते.

आता जे कुणाला सुचत नाही ते. डाळी-तांदळाची कोलाजं, सुकी पानं, पिसं, लोकरीचे गोंडे, पिठाची खळ. शाळेत हे सगळं चालतं. आमच्याकडे ते किड्यांना आमंत्रण आहे. कसर खळीवर आणि कागदावर जगते, काही भुंगेऱ्यांच्या अळ्या लोकर आणि पिसं खातात, आणि शेजारच्या दालनात तुमचं जुनं कापड आहे. रद्दीवाल्याकडचे पुठ्ठे आणू नका, नवे कोरे घ्या.

प्रकाश. कापड आणि कागदावरची चित्रं असलेल्या दालनात आम्ही साधारण ५० लक्स, म्हणजे बराच मंद उजेड ठेवतो. मुलांना एवढ्या उजेडात बारीक काम जमत नाही, मग कुणीतरी टेबलावर दिवा आणून लावतं. ते चालणार नाही. त्या दालनासाठी मोठ्या आकाराचा, कमी बारकाव्याचा खेळ निवडा.

खापराच्या प्रतिकृतींच्या कडा घासून घ्या. आणि तुमचा गट सहाच्या पुढचा असला तरी धाकटं भावंडं कडेवर येतंच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी असते. आत पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. तेवढे लहान तुकडे करूच नका.

थैलीतल्या प्रतिकृतीवर 'ही प्रतिकृती आहे' हे मोठ्याने सांगा. नाहीतर मूल घरी सांगतं, "मी खरं भांडं हातात घेतलं", आणि पुढच्या वेळी काच उघडायचा हट्ट धरतं. (खेळ आवडला, हे सांगायचं राहिलं.)

दोन_पिल्लांची_आई

बाप रे, डाळीचं कोलाज! हे कधी डोक्यातच आलं नसतं.

कोपरा

बरीच वर्षं डिझाइन शिकवतो. रेषाळ, तुझी चाळणी चांगली आहे, पण ती अर्धीच आहे असं मला वाटतं. दुसरी अर्धी सांगतो.

सायमन निकल्सन नावाचा शिल्पकार होता, बार्बरा हेपवर्थ आणि बेन निकल्सन या कलाकार जोडप्याचा मुलगा. त्याने १९७१ साली सुट्या भागांचा सिद्धांत मांडला. जिथे हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तिथे शोध लावण्याची शक्यता तितकी जास्त. पण मला त्यातला राग जास्त आवडतो. त्याचं म्हणणं असं की वास्तुरचनाकार, डिझाइनर वगैरे मंडळी घडवण्याची सगळी मजा स्वतः लुटतात आणि मुलांसाठी उरतं ते तयार झालेलं, ज्यात करण्यासारखं काही नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हेच दरवर्षी बघतो. लेझरने कापलेली सुबक पेटी, कोरलेली अक्षरं, आठ बोटांना आठ खाचा. परीक्षकांना फोटो आवडतो, मूल खाचेत बोट घालतं, काढतं, निघून जातं. सगळे निर्णय तुम्हीच घेऊन टाकलेत, त्याने काय ठरवायचं?

म्हणून प्रत्येक खेळाला दुसरा प्रश्न विचारा: या खेळात मुलाला एखादा निर्णय घेता येतो का, जो आम्ही आधी घेतलेला नाही? खापरात येतो. तक्ता काठाचं माप देतो, बूड कसं असेल ते मूल ठरवतं. न बघता रेघेतही येतो. थैलीत येत नाही, तिथे उत्तर एकच आहे. थैली वाईट नाही, पण तीन खेळ थैलीसारखे झाले तर ती परीक्षाच होईल. त्या मुलाचा "ठेवायचे कसे?" हा प्रश्न तुमच्या आराखड्यात नव्हता, तिथून पुढे खेळ वाढवा की.

ब्रूनो मुनारी या इटालियन कलाकार-डिझाइनरने १९७७ मध्ये मिलानच्या ब्रेरा कलासंग्रहालयात मुलांची पहिली कार्यशाळा सुरू केली. त्याचं सूत्र साधं होतं, काय करायचं ते सांगायचं नाही, कसं करतात ते दाखवायचं. किती तऱ्हांनी रेघ मारता येते, एकाच कागदाचे किती पोत होतात हे समोर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पाटीपुसणींच्या मुद्द्याशी हे भांडतंय असं वाटेल, पण तिथे एक युक्ती दाखवून थांबणं होतं, इथे तऱ्हा अनेक आहेत.

चाचणीबद्दल. कच्च्या कागदावर, हाताने लिहून, आत्ताच करा. छापून आणलं की तुमचाच जीव त्यात अडकतो. आणि "मजा आली का?" विचारू नका, मुलं सभ्य असतात, हो म्हणतात. एकाने फक्त मुलांच्या नजरेवर लक्ष ठेवायचं. कागदावरून वस्तूकडे नजर पुन्हा पुन्हा जाते का? खेळ संपल्यावर मूल कपाटाकडे परत वळतं का? एवढं टिपलंत तर प्रश्नावलीची गरज नाही.

तिरपागडा

@कोपरा, दुसरी चाळणी मान्य! पहिलीशी माझं भांडण चालूच राहील, पण ही असेल तर मी गोळी म्हणणार नाही.

पाटीपुसणी

+१ कोपरा. थैलीबद्दल असंच काहीतरी खुपत होतं, शब्द सापडत नव्हते.

मोठ्यांचा प्रश्न कुणीच घेतला नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डॅमिको १९४२ पासून मुलांसाठी कलेचा कार्निव्हल भरवायचे, १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक मेळ्यातही तो गेला होता. त्यांनी मोठ्यांना आत सोडलंच नाही. मुलं आत, पालक बाहेर. मला हे फार प्रिय आहे, पण तुमच्या दालनात जमणार नाही, कारण दालन सगळ्यांचं आहे.

दुसरा उपाय म्हणजे मोठ्यांना त्यांचं वेगळं काम द्यायचं. ज्याच्या हाताला काम आहे तो दुसऱ्याची पेन्सिल घेत नाही. पाठीला पाठ लावून बसा. मूल मूर्तीकडे तोंड करून बसेल आणि फक्त शब्दांत सांगेल: उजवा हात वर, पण कोपरात वाकलाय, बोटं मिटलेली. बाबा मूर्तीकडे पाठ करून काढतील. चित्र चुकलं तर चूक बाबांची! मुलांना या उलट्या कारभाराची काय मजा वाटते ते बघा. आणि सांगायचं म्हणजे बघावंच लागतं, तेव्हा पहिली चाळणीही पास. काय आधी सांगायचं, काय गाळायचं हे मूलच ठरवतं, म्हणजे दुसरीही.

चित्रांच्या दालनासाठी ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांच्या चित्र बघण्याच्या पद्धतीतले तीन प्रश्न पालकांना एका कार्डावर द्या. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटतं? अजून काय काय सापडतंय? मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "हा माणूस रागावलाय" म्हणणारं मूल "कशावरून?" विचारल्यावर परत चित्राकडे बघतं, तेव्हा त्याला मूठ दिसते. पालकांना उत्तर माहीत असायची गरजच नाही, त्यामुळे त्यांचाही जीव भांड्यात पडतो.

दोन_पिल्लांची_आई

पाठीला पाठ हे या रविवारी घरीच करून बघणार. आमच्या बाबांना बसवते.

रेषाळ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. गटाची बैठक झाली, थोडक्यात सांगते.

थैली राहतेय, पण आता ती सुरुवात आहे. भांडं ओळखलं की "हे लोळतं, मग ठेवायचं कसं?" हाच पुढचा खेळ. मुलांना दोरी, जाड पुठ्ठ्याची कडी, कापडाची चुंबळ, वाळूची पिशवी असं सुटं सामान द्यायचं आणि गोल बुडाची प्रतिकृती स्थिर उभी करून दाखवायला सांगायचं. आमच्या कला-इतिहासवाल्या म्हणाल्या, गोल बुडाला कोन नसतो, त्यामुळे तापताना ताण एका जागी साचत नाही आणि चुलीवर भांडं तडकायचा धोका कमी होतो. हे आम्ही फलकावर लिहिणार नाही, मुलांनी विचारलं तरच सांगणार. वाळू मात्र दालनाबाहेरच्या व्हरांड्यात.

मूर्तींच्या दालनात पाठीला पाठ. न बघता रेघही तिथेच, ज्यांच्यासोबत मोठं कुणी नाही त्यांच्यासाठी. बसायला सतरंजी टाकतोय, कारण पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोळे उभ्याने जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात आणि चौथऱ्यामुळे त्याला मूर्तीचे पायच दिसतात. थोडं मागे सरून बसलं तर अख्खी मूर्ती नजरेत येते, हे सतरंजी सरकवत बसल्यावर कळलं.

कापडाचं दालन रिकामंच आहे अजून. ५० लक्समध्ये काय करावं सुचत नाही. एक अर्धवट कल्पना: नक्षीतला एकच आकार अंगाने करून दाखवायचा, वेलीचं वळण हाताने, ठिपक्यांची रांग मुलांनी उभं राहून. एकाने करायचं, दुसऱ्याने कापडावर तो आकार कुठे आहे ते शोधायचं. यात एकच उत्तर असण्याचा धोका आहे का?

बिल्ला नाही. संग्रहालयाला ते प्रयोगाचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. पण "घरी काय नेणार?" यावर अडलेत. आमचं म्हणणं, मुलाने काढलेला कागदच नेऊ दे, मागे फक्त त्या वस्तूचं नाव आणि दालन छापलेलं.

@वाळवीचा_शत्रू, दोन प्रश्न. चित्रकलेचा कोळसा दालनात चालेल का? आणि लाकडी कोरीव खांब आहे, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेता येईल? चित्रकार मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फरशीवर तेच केलं होतं ना!

कोपरा

अंगाने नक्षी करायची कल्पना अर्धवट नाही, चांगलीच आहे. एकच उत्तर निघणार नाही, कारण एकच वळण कापडावर दहा ठिकाणी असतं आणि मुलं त्यावरून भांडतील. भांडू दे.

वाळवीचा_शत्रू

कोळसा नको, भुकटी उडते. २बी पेन्सिल घ्या आणि टोक यंत्र दालनाबाहेर ठेवा.

खांबावर घासून ठसा अजिबात नाही. अर्न्स्टची फरशी होती, तुमचा खांब संग्रहातला आहे. कोरीव कामावर शेकडो हातांचा दाब रोज पडला तर कंगोरे झिजतात, शिवाय कागद फाटला की रेघ थेट लाकडावर. त्याच नक्षीचा एक भाग साच्यातून काढून रेझिनचा फलक करून घ्या, पण साचा मूळ खांबावर लावायचा नाही, फोटोंवरून बनवलेल्या त्रिमितीय प्रतिमेवरून छापून घ्या. तुमच्या विद्यापीठात ते यंत्र असेलच. फलक खांबाच्या शेजारी, मुलांच्या हाताच्या उंचीवर लावा, आणि भिंतीत पक्का बसवा, कारण पोरं त्याला लोंबकळणार.